उद्या खोदाई

मेहुण्याने काल रात्री फोटो पाठवला. मोकळा प्लॉट, त्यावर फक्कीची पांढरी रेघ आणि खाली मेसेज, ‘उद्या कंपाउंडची खोदाई!’ अंगठा टाकायचं सोडून मी थेट फोन लावला. मोजणी झाली का रे?

“सात-बारा आहे की दाजी. पाच गुंठे, स्वच्छ.”

इथेच गाडी अडते बघा. सात-बाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. मिळकत पत्रिकेचंही, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाचंही तेच. पाच गुंठे नेमके कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात हे ते कागद सांगत नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, जागेवर येऊन खुणा दाखवतो आणि मग हातात ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा पडतो. मेहुण्याने ती रेघ कशावरून मारली होती माहितीये? शेजाऱ्याच्या जुन्या तारेवरून. ती तार कोणी, कधी आणि कशावरून ओढली होती ते देव जाणे.

मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण माझ्या घराच्या वेळी मी यातलं बरंच चुकीचं करून बसलोय. मोजणी तेवढी केली होती. पण गवंड्याने दोरी बरोब्बर हद्दीच्या खुणेवर लावली आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. भिंत नऊ इंची, पण तिचा पाया दोन फूट. दोरी भिंतीची होती, पायाचा विचारच नव्हता. खड्डा अर्धा खणून झाल्यावर शेजारचे काका आले, आत डोकावले आणि शांतपणे म्हणाले, “भिंत तुमची, मग पाया माझ्या आंब्याखाली का?” त्यांचं बरोबर होतं. सामाईक भिंत घालायची असेल तर ती मधोमध येते, दोघांच्या संमतीने आणि लेखी. एकट्याची असेल तर पायासकट सगळी आपल्या हद्दीत. आम्ही खड्डा बुजवून दोरी आत घेतली. काकांशी संबंध टिकले ते त्या दिवसामुळे.

उंचीचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. आमचा प्लॉट कोपऱ्यावरचा, दोन बाजूंना रस्ता. मुरूम टाकून जागा दोन फूट उचलली होती आणि त्यावर पाच फूट पक्की भिंत. पाच फूट म्हणजे काय, माझ्या खांद्याला लागते! तरी नोटीस आली. मी तणतणलो. माझी जागा, माझा पैसा, वगैरे जे सगळे म्हणतात ते सगळं म्हणून झालं.

मग एका इंजिनिअर मित्राने समजावलं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कंपाउंडच्या भिंतीची उंची साधारण १.५ मीटर धरली आहे, आणि ती मोजायची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. आपल्या अंगणापासून नाही! म्हणजे माझी आतून पाच फुटांची भिंत बाहेरून सात फुटांची होती. उंच हवीच असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा किंवा ग्रीलचा, आरपार दिसणारा हवा. हिशोब सरळ आहे, भरीव भाग दीड मीटरच राहतो.

कोपऱ्याच्या प्लॉटला आणखी कडक नियम. रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटर भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, त्यावर हवी तर रेलिंग. मला हा शुद्ध जाच वाटला होता. पाऊण मीटर म्हणजे गुडघ्याच्या जरा वर, मग भिंत घालायचीच कशाला?

एका संध्याकाळी मुलीची छोटी सायकल दुरुस्त करून घरी आणत होतो. ब्रेक लागतात का बघायला म्हणून तिच्यावर कसाबसा बसलो, गुडघे हँडलला लागतायत अशा अवस्थेत, आणि गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे निघालो. डोळे साधारण मुलीच्या उंचीवर आले होते. डावीकडे नुसतं प्लास्टर. माझंच, मीच पाणी मारलेलं. पुढचं चाक डांबरावर गेलं तरी डावीकडून काय येतंय ते दिसेना. टेम्पोचा हॉर्न आधी ऐकू आला, टेम्पो नंतर दिसला.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून कोपरा उतरवला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. कंपाउंडचे नियम भिंतीच्या आतल्या माणसासाठी लिहिलेले नाहीत, बाहेरून जाणाऱ्यासाठी आहेत. फाटक आतच उघडायला हवं ते त्यासाठी. रॅम्प गटार बुजवून रस्त्यावर आणायचा नाही तो त्यासाठी. आपण मात्र ‘माझ्या जागेत मी काहीही करीन’ या चालीवर वाचतो आणि चिडतो. भिंतीवर काचा खोचणाऱ्यांबद्दल आणि कुंपणाच्या तारेत घरचा करंट सोडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या करंटने चोर नव्हे, शेजारचं पोर आणि गाय मरते.

राग मला दुसऱ्या गोष्टीचा आहे. घराचा नकाशा मंजूर करताना कंपाउंड म्हणजे एक बारीक रेघ. उंची किती, कोपरा कसा, कोणी सांगत नाही. बांधकाम परवानगीसोबत अर्ध्या पानाचं साधं चित्र द्यायला काय हरकत आहे? मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात २०२० पासून एकच एकत्रित नियमावली आहे, तरी तिची भाषा वाचून सामान्य माणसाला झोप येते. तेव्हा नगररचना विभागात स्वतः जा, समोरचा रस्ता विकास आराखड्यात रुंद होणार आहे का तेही विचारा. नाहीतर नवी भिंत आपल्याच डोळ्यांदेखत मागे सरकते.

आणि जुनी पायवाट असेल तर तिला हात लावण्याआधी वकिलाला भेटा. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. कोणी २० वर्षं उघडपणे, हक्काने, विनाअडथळा तिथून ये-जा केली असेल तर तो वहिवाटीचा हक्क सांगू शकतो. उलट बाजूने, शेजाऱ्याचं कुंपण तुमच्या हद्दीत आलेलं दिसत असेल तर ‘बघू पुढे’ म्हणून बसू नका. १२ वर्षांनी प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे ‘इतकी वर्षं उघड ताबा माझा, आता जागाही माझी’ असा दावा उभा राहू शकतो. तो सिद्ध होईल न होईल, कोर्टाच्या तारखा तुमच्याच.

हे सगळं काल रात्री मेहुण्याला पाऊण तास ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, “दाजी, पण जेसीबी सांगितलाय ना सकाळचा.”

आज दुपारी त्याचा मेसेज आला. जेसीबी परत पाठवला, मोजणीचा अर्ज भरतोय, लगतच्या खातेदारांची नावं कुठून काढायची? मी म्हटलं, आधी त्या तारवाल्या शेजाऱ्याकडे जा, चहा घे आणि त्यालाच विचार.