इतिहासाचे सदर चालवू इच्छिणाऱ्यांस

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर रविवारच्या पुरवणीत एखादे सदर चालवावे, असे आपल्या मनात आले असेल तर प्रथम आपले अभिनंदन. मानधनाचा विषय संपादकांकडे काढू नये. तेही तो काढणार नाहीत. शब्दमर्यादा सातशेची सांगितली जाते, परंतु शनिवारी संध्याकाळी एखाद्या सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात आली की ती साडेतीनशेवर येते, आणि लेखाला कात्री लागते तेव्हा ज्या परिच्छेदात आधार दिलेला असतो नेमका तोच परिच्छेद जातो. यावर सोपा उपाय असा की आधाराचा परिच्छेद मुळात लिहूच नये.

उदाहरणादाखल आपण साताऱ्याचे रहिवासी आहात असे धरू. सातारा हे सदरलेखकाला मानवणारे शहर आहे. येथे छत्रपतींची गादी होती, उशाला अजिंक्यतारा आहे, आणि मुख्य सोय म्हणजे मूळ कागद बऱ्याच अंशी येथून गेलेले आहेत. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी हयात घालवून जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला, आणि पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, पुण्याच्याच पुरालेखागारात आहेत. ते पाहायचे तर पहाटेची स्वारगेटची एस.टी. धरावी लागते, अर्ज करावा लागतो, आणि दिवसभर बसून चार कागद लागले तर त्यांतले तीन गवताच्या आणि दाण्यावैरणीच्या हिशेबाचे निघतात. एवढ्या वेळात घरबसल्या सहा लेख होतात. त्यासाठी १८८५ सालचा साताऱ्याचा गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, पुरेसा आहे. पहिल्या परिच्छेदात इंग्रजांनी आमच्या इतिहासाचा कसा विपर्यास केला याबद्दल संताप व्यक्त करावा आणि दुसऱ्या परिच्छेदापासून गॅझेटिअरचे भाषांतर सुरू करावे.

ग्रँट डफ हा तर साताऱ्याच्या लेखकाला मिळालेला वारसाच होय. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ या काळात येथे इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्याने छत्रपतींचे व पेशव्यांचे कागद वाचले आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७ साली त्याच्या चुका एकेक करून दाखवल्या. त्यासाठी त्यांना डफ वाचावा लागला, म्हणून ती वाट आपण टाळावी. डफने कागद जाळले असा जो जुना आरोप आहे तो मात्र अवश्य जवळ बाळगावा. आपल्या विधानाला पुरावा कोठे आहे असे कोणी विचारले, तर तो डफने जाळला असे सांगता येते.

देवळांच्या बाबतीत फार विचार करू नये. दगडी आणि जुने दिसणारे प्रत्येक देऊळ हेमाडपंती असते. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकात यादवांचा मंत्री होता आणि अंबरनाथच्या देवळातला शिलालेख १०६० सालचा, म्हणजे त्याच्याही सुमारे दोनशे वर्षे आधीचा आहे. क्षेत्र माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ अठराव्या शतकात श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधले, म्हणजे त्याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी. तरीही वाचकांचा हेमाडपंतावर एवढा जीव आहे की जन्माच्या आधीचे आणि मृत्यूच्या नंतरचे श्रेय त्याच्याकडून काढून घेण्याचा क्रूरपणा आपण करू नये. त्याच्याही पलीकडचे काही असेल तर पांडव आहेतच.

आता जुन्या घराण्यांच्या वंशजांविषयी. आपले खरे संपादक तेच. रविवारी सकाळी चहाच्या वेळी जो दूरध्वनी येतो तो लेख आवडल्याचा नसतो. ‘आमच्या खापरपणजोबांचा एकेरी उल्लेख का केला?’ असे विचारणारा असतो. म्हणून १८३९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले हे लिहावे, पण त्या प्रकरणात कोणी कोणाविरुद्ध जबान्या दिल्या हे इंग्रजांच्या छापील कागदांत वाचायला मिळत असूनही तिकडे फिरकू नये. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले, यावर मात्र चार भागांची लेखमाला करावी. लंडन लांब आहे आणि तेथून कोणी फोन करत नाही.

कधीतरी एखादे वंशज आपल्याला घरी बोलावतील आणि देवघरातून तांबड्या फडक्यात बांधलेली, दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेली सनद काढून दाखवतील. आपल्याला मोडी वाचता येत नसेल तर हा प्रसंग अत्यंत मंगल ठरतो: आपण कागद कपाळाला लावता, पोहे खाता आणि पुढच्या रविवारी ‘रणांगणावर गाजवलेल्या पराक्रमाबद्दल मिळालेली सनद’ छापून येते. मोडी येत असेल तर दुसऱ्या ओळीतच घामटे निघते, कारण कागद सनदेचा नसून सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचा असतो, किंवा बांधावरून भावाभावांत झालेल्या तंट्याचा. शासनाच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात, तेथे चुकूनही नाव घालू नये. त्यातून कागदावर साल असते ते ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या शुहूर सनाचे ११३२, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे महिन्याप्रमाणे कधी ५९९ तर कधी ६०० मिळवून १७३१ की १७३२ ते ठरवावे लागते. पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर तर नुसता चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि महिना घातलेला असतो. साल मजकुरावरून ताडावे लागते. राजवाडे आणि सरदेसाई या इतिहासकारांनी या ताडण्यात आयुष्ये खर्ची घातली. आपण ‘सुमारे तीनशे वर्षांपूर्वी’ असे लिहावे. ते कोणत्याही सालाला लागू पडते आणि पुढच्या वर्षी लेख पुन्हा छापतानाही बदलावे लागत नाही.

एवढे पथ्य पाळलेत तर दिवाळीत किल्ले-स्पर्धेचे परीक्षकपद, शाळांच्या स्नेहसंमेलनांतली शाल-श्रीफळे आणि निवडक लेखांचे पुस्तक हे सर्व यथाकाल पदरात पडेल. पुस्तकाचा खर्च वंशज करतील. मुखपृष्ठावर त्यांच्या खापरपणजोबांचे चित्र येईल, आणि त्यांचे चित्र उपलब्ध नसल्यामुळे चित्रकार वंशजांनाच पागोटे घालून समोर बसवील. पुढे गावाच्या वेशीवर ग्रामपंचायत काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवील आणि तिच्यावर आपल्याच लेखातला मजकूर कोरलेला असेल. त्यानंतर एखाद्या चिकित्सक वाचकाने पत्र पाठवून आधार विचारला, तर त्याला वेशीवर जाऊन शिलालेख वाचायला सांगावे.