आवाज बंद करा, पॉडकास्ट सुरू आहे

पॉडकास्ट काढायचं ठरवलंत, अभिनंदन! सोयाबीन निघालं, तूर अजून उभी आहे, कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत. छंद लावून घ्यायला याहून चांगला मोसम नाही.

आधी माईक घ्या, आणि घ्याल तर कंडेन्सरच. तो मोठा मनाचा असतो. तुमचा शब्द घेतोच, शिवाय पंख्याची कुरकुर, गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ आणि चौकातल्या चक्कीचा पट्टाही पदरात घेतो. अशा घरात डायनॅमिक माईक बरा, कारण त्याला तोंडाजवळचं तेवढंच नीट ऐकू येतं. पण तो तर भजनी मंडळाकडेही असतो. फोटोत काय दाखवाल?

मग खोली. भिंतींना चिकटवायचे काळ्या फोमचे चौकोन ऑनलाइन मिळतात, ते मागवा. तुमच्या मधल्या खोलीत भाव वाढेल या आशेवर आढ्यापर्यंत कापूस भरलेला आहे आणि त्याच्यापुढे बोललं की आवाज घुमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण घरच्या मालाला स्टुडिओ म्हणणं बरं दिसत नाही. त्यातून साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते आणि खाजवल्याचा आवाज कंडेन्सर इमानेइतबारे टिपतो. तरी हौस असेलच तर बसा तिथं. फक्त एक ध्यानात ठेवा, व्यापाऱ्याचा मेटाडोर दारात लागला की अख्खा स्टुडिओ क्विंटलच्या भावानं तोलला जातो. पाहुण्याची मुलाखत रंगात आली असली तरी उठायचं आणि गठ्ठे उचलायचे. बापाला पॉज करता येत नाही.

रेकॉर्डिंग रात्री करा, गाव झोपलेलं असतं. अर्थात शेतीच्या थ्री-फेजची पाळी रात्रीची नसेल तरच. असेल तर तुम्ही हेडफोन काढून बॅटरी घ्याल आणि हरभऱ्याला पाणी द्यायला जाल. पंप सुरू होताना गुरगुरतो, मग पाईपातून आधी हवा फुसफुसते, दोन-तीन उचक्या येतात आणि धप्पकन पाणी सरीत पडतं. हे रेकॉर्ड करायच्या फंदात पडू नका. याला आपल्यात नॉइज म्हणतात.

नॉइज काढायची सोय ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तीही फुकट. नुसत्या गोंगाटाचे दोन-चार सेकंद निवडायचे, त्याचं प्रोफाइल, म्हणजे नमुना, घ्यायचं आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून तो वजा करायचा. हात सैल सोडा. चिमण्या जातील, हातपंप जाईल, ‘कोनासंग बोलून रायला रे? खोलीत त कोनीच नाही’ हे आजीचं वाक्यही मंदावेल. जास्त झालं की तुमचाच आवाज विहिरीच्या तळातून आल्यागत लागतो. तेच प्रोफेशनल.

आता प्रायोगिक ऑडिओ. इथं गाव उपयोगाचं नाही, सरळ पॅरिस गाठा. 1948 साली पिएर शेफेर नावाचा रेडिओतला इंजिनिअर तिथल्या बातिन्योल स्टेशनवर गेला, वाफेच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले आणि त्यांचे तुकडे मागंपुढं लावून रचना केली. नुसत्या आगगाडीचं संगीत! हा किस्सा आपल्या पहिल्या भागात भारावून सांगा. आपली शकुंतला यवतमाळहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांवरून जात होती तेव्हा तुम्ही काय रेकॉर्ड केलं, असं कोणी विचारलं तर म्हणा, ती लेट असायची. त्याच 1948 साली नागपुरात आकाशवाणी सुरू झाली, हे मात्र सांगू नका. रेडिओ आजोबांचा, पॉडकास्ट आपला.

विषय? ‘माइंडसेट’ घ्या. दोन मित्र, दोन खुर्च्या, एक तास. सकाळी पाचला उठल्यानं आयुष्य कसं बदलतं यावर बोला. गावात सगळेच पाचला उठतात आणि कोणाचंच काही बदललेलं नाही, पण ते श्रोते नव्हेत.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली एखादा म्हातारा झडती, म्हणजे पोळ्यातलं टोमणेबाज पद्य, म्हणायला उभा राहील. बैलाच्या निमित्तानं सावकार, सरपंच, विमा, कापसाचा भाव, सगळ्यांची जाहीर हजेरी घेईल आणि ‘एक नमन गौरा पारबती’ म्हणून थांबेल. ‘हर बोला हर हर महादेव’ असा आखरावर जमलेल्या अख्ख्या गावाचा आवाज उठेल. स्क्रिप्ट नाही, रिटेक नाही. त्या वेळी तुम्ही मोबाइलवर बैलासोबत सेल्फी घेत असणं महत्त्वाचं. झडत्यांवर पुढंमागं एक एपिसोड करता येईल. त्यासाठी पुण्याहून एखादे अभ्यासक ऑनलाइन बोलवा.

भाषा जपा. माईकसमोर ‘मी तुला सांगितलं होतं’ म्हणायचं. रेकॉर्डिंग थांबलं की ‘म्या तुले सांगतलं होतं ना बे’ म्हणून भांडायला मोकळे.

राहता राहिलं अपलोड. एक तासाची स्टिरिओ वेव्ह फाइल सहाशे एमबीच्या घरात जाते. तिची 128 केबीपीएसची एमपीथ्री केली तर साठेक एमबीत भागतं. पण क्वालिटीशी तडजोड नको, म्हणून वेव्हच घेऊन पाण्याच्या टाकीवर चढा. तिथं एक-दोन काड्या जास्त येतात. नव्वद टक्क्यांवर लाईन जाईल, टॉवर बसेल. उतरू नका, खालून लोक पाहत असतात.

दुसऱ्या दिवशी आकडे उघडा. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कोणीतरी तुमचा एपिसोड रात्रीतून अनेकदा डाउनलोड केलेला दिसेल. बहुतेक वेळा तो माणूस नसतो, डेटा सेंटरमधला बॉट असतो. तरी पुढच्या भागात ‘आमच्या परदेशातल्या श्रोत्यांचे’ आभार मानाच. ‘कसं वाटलं’ असं आजीला मात्र विचारू नका, ती सांगेल.