गाडी घेताना शोरूमवर विश्वास ठेवायचा, तर तो कशावर?

"आमच्या घरातल्या तिन्ही गाड्या एकाच शोरूममधून घेतल्यात" असं अभिमानाने सांगणारी कुटुंबं आपल्याकडे खूप आहेत. वडिलांनी जिथून पहिली गाडी घेतली तिथूनच मुलगा घेतो, मग जावई घेतो, शेजाऱ्यालाही तिथेच पाठवलं जातं. मला हे नातं मनापासून आवडतं आणि ते टिकावं असं वाटतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. कारण बहुतेक वेळा हे नातं ओळखीच्या सेल्स एक्झिक्युटिव्हवर, डिलिव्हरीच्या दिवशीच्या हार-पेढ्यांवर आणि गाडीसोबतच्या फोटोवर उभं असतं. शोरूम खरं कसं आहे हे कळतं ते कोटेशन, चॅसी नंबर, विम्याची पॉलिसी आणि सर्व्हिसचं जॉब कार्ड (वर्कशॉपमध्ये काय काम करायचं ते लिहिलेला कागद) या चार गोष्टींवरून.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही गाडी कंपनीकडून घेत नाही, डीलरकडून घेता. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ साली नव्या गाडीचे पैसे भरले आणि त्याच्या हातात पडली २००९ ची, ६२२ किलोमीटर आधीच फिरलेली गाडी. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागले, डीलरबरोबर कंपनीलाही जबाबदार धरलं गेलं. टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत. डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असा पुरावा नसेल, तर त्याचा दोष कंपनीवर टाकता येत नाही. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. गाडीत उत्पादनाचाच दोष असेल तर गोष्ट वेगळी. पण जुना स्टॉक नवा म्हणून देणं, कोटेशनमध्ये रकमा घुसवणं, तोंडी कबूल केलेलं नाकारणं, हे सगळं तुमच्या आणि त्या एका शोरूमच्या मधलं आहे. "एवढी मोठी कंपनी आहे, फसवेल कशी?" या वाक्याला कायद्याच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट, डीलर कमावतो कशात? नुसती गाडी विकून त्याला मिळणारं मार्जिन तसं बेताचंच असतं, त्यातलंही बरंचसं डिस्काउंटमध्ये जातं. खरी कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, एक्सटेंडेड वॉरंटी, जुन्या गाडीचा एक्स्चेंज आणि वर्कशॉप यांत असते. यात काही चूक नाही, त्यालाही पगार द्यायचे असतात. पण आपण एक्स-शोरूम किमतीवर (म्हणजे कर, नोंदणी आणि विमा धरायच्या आधीच्या किमतीवर) तासभर घासाघीस करून पाच हजार कमी करून घेतो आणि विम्याच्या रकान्याकडे न बघता सही करतो, तिथे ते पाच हजार दामदुपटीने परत जातात.

आता कोटेशन. प्रत्येक रकमेची वेगळी ओळ मागा. "आरटीओ, इन्शुरन्स मिळून इतके" असं एकत्र लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के वाहन कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. समजा पेट्रोल गाडी १०,४०,००० ची आहे, तर कर १,२४,८००. नोंदणी फी ६००, बँकेचा बोजा चढवायचा असेल तर १५००, स्मार्ट कार्डचे २००, आणि टपाल, सेस वगैरे थोडं वर. म्हणजे आरटीओच्या ओळीत १,२९,००० च्या आसपास आकडा असेल तर समजण्यासारखं आहे. तिथे १,४०,००० दिसले, तर वरचे दहा-अकरा हजार कशाचे हे विचारा आणि पासिंग झाल्यावर कराची पावती मागून घ्या. पावतीवर असतात तेवढेच पैसे सरकारकडे गेलेले असतात.

किंमत १० लाखांच्या वर असली की १ टक्का टीसीएस लागतो, वरच्या गाडीवर १०,४००. हा खर्च नाही, तुमच्या नावावर भरलेला आयकर आहे. रिटर्नमध्ये तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. त्यासाठी बिलावरचा पॅन नंबर अचूक हवा. कित्येक पगारदार माणसं हे पैसे मागायचंच विसरतात.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो चार्ज अशा नावांची पाच ते पंधरा हजारांची ओळ दिसली, तर ती काढायला सांगा. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. चांगलं शोरूम ही ओळ मुळात टाकत नाही, बरं शोरूम विचारल्यावर काढतं. "सगळेच घेतात" असं उत्तर आलं तर उठा. बुकिंगची रक्कम फक्त डीलरशिपच्या खात्यात भरा. एक्झिक्युटिव्हच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, तो कितीही भला माणूस असला तरी. आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील, हे फॉर्मवर लिहून घ्या.

विम्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विश्वासाची खरी परीक्षा इथेच होते.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा आकडा कुठल्याही कंपनीत तोच असतो. म्हणजे शोरूमच्या आणि बाहेरच्या कोटेशनमध्ये जो पंधरा-वीस हजारांचा फरक दिसतो, तो सगळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमधला (वरून घेतलेल्या जादा संरक्षणांमधला) आहे. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, एकच ठेवा. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, आपल्या उदाहरणात ९,८८,०००. बाहेरचं कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून आयडीव्ही खाली ओढलेली असू शकते. मग गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे कमी मिळतात. झिरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारा ॲड-ऑन) मात्र पहिली काही वर्षं घ्याच. तो नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात आणि आजच्या गाडीचा पुढचा बंपर, जाळी, लॅम्प, सगळं प्लास्टिकच आहे.

विमा बाहेरून घेतो म्हटलं की दोन ठरलेली वाक्यं कानावर येतात: "पासिंगला अडचण येईल" आणि "आमच्याकडे कॅशलेस मिळणार नाही" (म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनी थेट वर्कशॉपला देणार नाही). पासिंगला वैध पॉलिसी लागते, मग ती कुठूनही घेतलेली असो. शोरूमकडून चॅसी आणि इंजिन नंबर घ्यायचा, पॉलिसी काढून त्यांना पाठवायची. कॅशलेसचं उत्तर विमा कंपनीच्या गॅरेजच्या यादीत असतं. तुमच्या वर्कशॉपचं नाव त्या यादीत आहे का, हे पॉलिसी घेण्याआधी स्वतः बघा. असेल, तर पॉलिसी कुणी विकली याने काही फरक पडत नाही. बाहेरचं कोटेशन समोर ठेवल्यावर शोरूमनेच तेवढ्यात दिलं तर तिथूनच घ्या, क्लेमच्या वेळी आपला माणूस समोर असण्याचा फायदा खरा आहे.

आणि नो क्लेम बोनस! जुनी गाडी विकून नवी घेताना हा बोनस तुमच्यासोबत येतो, कारण तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्के. जुन्या विमा कंपनीला विक्रीचा पुरावा देऊन रिटेन्शन लेटर (बोनस तुमच्या नावावर राखून ठेवल्याचं पत्र) घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओन डॅमेज २०,००० असेल तर १०,००० वाचले. हे आपणहून सांगणारा एक्झिक्युटिव्ह भेटला, तर ते शोरूम सोडू नका. प्रीमियम कमी झाला की त्यांचं कमिशनही कमी होतं, तरीही तो सांगतोय.

कर्जाचं थोडक्यात: व्याजदराबरोबर प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडीचा दंड आणि कर्जात गुपचूप जोडलेला कर्ज-सुरक्षा विमा, हे तिन्ही विचारा. आपल्या खात्याच्या बँकेचा दर आधी हातात असू द्या.

बिल बनण्याआधी चॅसी नंबर मागा आणि ती गाडी यार्डात, दिवसाउजेडी बघा. बिल आणि पासिंग झाल्यावर गाडी नाकारणं फार कठीण जातं. चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं असतं: २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. महिन्याची खूण कंपनीगणिक बदलते. टायरवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, बॅटरीची तारीख बघा, सगळ्या काचांवरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का तेही बघा. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त ती सांगून आणि सवलतीत मिळायला हवी. विकताना गिऱ्हाईक आरसीवरचं वर्षच बघतं.

यार्डात आणखी काय पाहायचं? बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर काहीतरी उघडलेलं आहे. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील तर रंगकाम झालंय. कार्पेटखाली ओल किंवा सीटच्या रेल्सवर गंज म्हणजे पाणी शिरलेलं, आपल्या पावसाळ्यात हे हमखास तपासा. ब्रेक डिस्कवरचा पातळ तांबूस थर मात्र साधा असतो, चार ब्रेक मारले की जातो. यार्डात उभ्या गाडीच्या टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरून ठेवतात. ती डिलिव्हरीआधी दारावरच्या स्टिकरप्रमाणे उतरवून घ्या, नाहीतर घरी येईपर्यंत गाडी दणके देते आणि "नव्या गाडीचं सस्पेन्शन खराब" अशी तक्रार सुरू होते.

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये गर्दी उसळते, तपासणी उरकली जाते आणि कधी कधी "नंबर नंतर येईल, आज गाडी घेऊन जा" असं सुचवलं जातं. केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ प्रमाणे तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय डीलरला गाडी ताब्यात देताच येत नाही. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली गाडी चोरीला गेली आणि विमा कंपनीने दावा नाकारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नकार योग्य ठरवला. मुहूर्त जरूर साधा, पण तपासणी आणि पासिंग दोन-तीन दिवस आधी उरकून घ्या. मग दसऱ्याला फक्त पूजा आणि किल्ली.

वर्कशॉपमध्ये नातं वर्षानुवर्षं चालतं, म्हणून ते तिथेच जास्त झिजतं. "फ्री सर्व्हिस" म्हणजे मजुरी फुकट, तेल-फिल्टरचे पैसे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. जॉब कार्डवर सही करताना इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आधीच टिक केलेलं असतं. गाडीच्या मॅन्युअलमधलं वेळापत्रक उघडा. त्यात नसेल आणि गाडीला त्रासही नसेल, तर खोडा. तेल किती लिटर लागतं तेही मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला साधारण साडेतीन लिटर, बिलावरचा आकडा त्याच्याशी जुळवा. ब्रेक पॅड बदलायला सांगितले तर "किती एमएम उरलेत?" एवढंच विचारा. तीनच्या आसपास आले असतील तर बदलायलाच हवेत, सहा असतील तर अजून बरंच चालतील. आकडा न सांगता नुसतं "खराब झालेत" म्हणणाऱ्याला पॅड काढून दाखवायला लावा. बदललेले जुने भाग परत मागा.

सर्व्हिसनंतर कंपनीचा फोन येतो आणि त्याआधी ॲडव्हायझर विनवतो, "साहेब, दहापैकी दहा द्या." त्याचा इन्सेंटिव्ह त्यावर असतो, त्याची अडचण खरी आहे. पण काम अर्धवट असताना दहा दिले, तर तुमची तक्रार कंपनीच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. काम आधी पूर्ण, मग मार्क.

इथे ग्राहकांनाही एक सांगायचंय. एकाच एक्झिक्युटिव्हकडून चार टेस्ट ड्राइव्ह घ्यायच्या, त्याला रविवारी घरी बोलवायचं आणि तीन हजारांसाठी दुसऱ्या शहरातून गाडी उचलायची, हे बरोबर नाही. दुसरीकडचा भाव त्याला आधी दाखवा, एक संधी द्या.

बिघडलंच, तर आधी शोरूमच्या मॅनेजरला ईमेल, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही, मुदत दोन वर्षांची. फोनवरचं बोलणं तिथे सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून प्रत्येक कबुली मेसेजवर तरी घ्या.

शेवटचा मुद्दा जुन्या गाडीचा. एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीची किंमत वेगवेगळी लिहून मागा. बोनस वाढवून किंमत पाडली जाते. शोरूमकडे जुन्या गाड्यांच्या व्यवसायाचा अधिकृत दाखला आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी भरला जातो आणि गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. मालकी बदलण्याच्या नुसत्या कोऱ्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून किल्ली दिली, तर आरसीवर नाव तुमचंच राहतं आणि अपघात झाला तर नोटीस तुमच्याच दारात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, नोंदीवरचा मालक तोच जबाबदार. गाडी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पोचपावती घ्या. महिन्याभराने परिवहनच्या पोर्टलवर जुना नंबर टाकून बघा, आणि तुमचंच नाव दिसलं तर त्याच दिवशी शोरूमला फोन लावा.