धाकट्याचं रक्त तपासायचं का?

माझ्या मुलाची तिसऱ्या वर्षाची नेहमीची तपासणी होती. म्युनिकमधल्या आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे मुलांनाही होणाऱ्या आणि इन्सुलिनशिवाय न भागणाऱ्या मधुमेहाच्या, अँटिबॉडीज बघण्यासाठी बोटातून थोडं रक्त घेऊ का? पैसे पडणार नव्हते. बव्हेरियात 2015 पासून ‘फ्रीडा’ नावाचा अभ्यास चालू आहे, त्यात लहान मुलांना ही तपासणी देऊ करतात. मी सही केली. काही सापडलं नाही आणि मी विसरूनही गेले.

दोन वर्षांनी इंदूरहून दादाचा फोन आला. माझी नऊ वर्षांची भाची आयसीयूत होती. चार दिवस उलट्या चालल्या होत्या. पहिल्यांदा दाखवलं तिथे पोटाचा संसर्ग म्हणून औषध दिलं. दुसरीकडे सलाइन लावलं, तेही ग्लुकोजचं. ती जोरजोरात श्वास घ्यायला लागली तेव्हा न्यूमोनिया असेल असं वाटलं. रक्तातली साखर कुणीतरी तपासली ती चौथ्या दिवशी रात्री, आणि टाइप 1 मधुमेह निघाला. त्याआधी महिनाभर ती रात्री उठून बाटलीभर पाणी पीत होती, कधी अंथरूण ओलं करत होती. उन्हाळा आहे, मुलं पितात पाणी, असं सगळेच म्हणत राहिले. इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात आईचं ग्लुकोमीटर आहे. आई रोज सकाळी स्वतःची साखर बघते. ते मशीन फडताळातच राहिलं, कारण मधुमेह म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

भाची वाचली. आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते आणि शाळेत जाते. वाद सुरू झाला तो तिच्या चार वर्षांच्या भावावरून. त्याच्या अँटिबॉडीज तपासायच्या का?

दादा म्हणाला, लगेच. काका म्हणाले, “जे टळणारच नाही ते आधी कळून काय करायचं? पोर खेळतंय तोवर खेळू दे.” वहिनी काहीच बोलली नाही. माझी इंदूरचीच एक मैत्रीण मुलांची डॉक्टर आहे, ती चिडून म्हणाली, “अगं, माझ्याकडे येणाऱ्या आईबापांना साखर मोजायच्या महिन्याच्या पट्ट्या परवडत नाहीत आणि तू मला अँटिबॉडीचं सांगतेस.” मी तेव्हा जर्मनीतले आकडे धडाधडा पाठवत होते. आज मागे वळून बघताना मला वाटतं, मैत्रिणीचं म्हणणं मी नीट ऐकलं नाही.

आधी या अँटिबॉडी काय आहेत ते सांगते, कारण घरोघर त्यांच्याबद्दल गैरसमज आहेत. या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. पेशी मारण्याचं काम मुख्यतः टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशी, करतात. अँटिबॉडी म्हणजे प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं; त्या रक्तात दिसल्या की आत मारामारी सुरू झाली आहे एवढं कळतं. त्या प्रामुख्याने चार: गॅड, आयए-2, झिंक ट्रान्सपोर्टर 8 आणि इन्सुलिनविरोधी. यातली एकच सापडली तर दहा वर्षांत आजार होण्याची शक्यता शंभरात पंधराच्या आसपास. दोन किंवा जास्त सापडल्या तर सत्तरच्या आसपास, आणि आयुष्यभराचा हिशेब केला तर जवळजवळ सगळेच. पण हे आकडे फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या मुलांचे आहेत. आपल्याकडे ठळक टाइप 1 असलेल्या बऱ्याच मुलांच्या अँटिबॉडी निगेटिव्ह येतात.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. भाचीची गॅड निगेटिव्ह आली होती. बाकीच्या तीन तपासल्याच नव्हत्या. (इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे उलटले की त्यांतल्या इन्सुलिनविरोधी अँटिबॉडीला तसाही अर्थ उरत नाही, कारण टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात.) तो कागद बघून नात्यातल्या एकाने ठरवूनच टाकलं की हा टाइप 1 नाही, इन्सुलिन बंद करा, एक काढा आहे. त्याच सुमारास तिचा डोस अर्ध्यावर आला होता. सुरुवातीच्या काही महिन्यांत उरलेल्या बीटा पेशी थोडा दम धरतात, त्याला ‘हनिमून’ म्हणतात, आणि ते दिवस संपतातच. काढा घेणाऱ्याला वाटतं गुण आला. वहिनीने दोन दिवस सुई चुकवली होती, हे तिने मला खूप नंतर सांगितलं. तिला मी दोष देत नाही. पोरीला रोज टोचताना जिचा हात थरथरतो तिला असा कागद मिळाला तर ती आणखी काय करेल? अहवालासोबत पाच मिनिटं बसून बोलणारं कुणी तिला मिळालं नाही, हा माझा राग आहे.

फ्रीडामध्ये नेमकं हेच वेगळं आहे. 2020 साली त्यांनी 90 हजारांहून जास्त मुलांचा हिशेब मांडला. त्यात 280 मुलं लक्षणं नसताना पहिल्या टप्प्यांत सापडली. त्यांच्या आईवडिलांना बोलावून शिकवलं, काय बघायचं, केव्हा यायचं. त्यांपैकी जी पुढे आजारी पडली त्यांतली फार थोडी, शंभरात तीनच्या आसपास, कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होऊन जीव धोक्यात येण्यापर्यंत, पोचली. एरवी जर्मनीत हे प्रमाण शंभरात वीसच्या वर असतं. इटलीने तर 2023 मध्ये मुलांच्या अशा तपासणीचा कायदाच केला. शिवाय अमेरिकेत 2022 मध्ये टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली, दोन अँटिबॉडी असलेल्या आणि साखर बिघडू लागलेल्या मुलांत ते लक्षणांचा आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलतं. चौदा दिवसांच्या त्या एका कोर्सची तिथली किंमत दीड लाख डॉलरच्या वर आहे. ते औषध मी आमच्या घरच्या बोलण्यातून बाजूलाच ठेवलं.

मग इंदूरसाठी काय? इंदूरच्या प्रत्येक मुलाची अँटिबॉडी तपासा असं मी आज म्हणणार नाही. हा आजार झालेल्या दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. म्हणजे नातेवाईक तपासून बहुतेक मुलं सापडणारच नाहीत. त्यांना वाचवायला वीस-पंचवीस रुपयांची पट्टी लागते. उलट्या, धाप, वजन घटणं, अंथरूण ओलं होणं यातलं काहीही घेऊन आलेल्या मुलाचं बोट टोचायचं, सलाइन लावण्याच्या आधी. पोहे-जिलबीच्या या गावात मोठ्यांची साखर सगळे मोजतात, गल्लीगल्लीत मोजतात. मुलांची का मोजत नाहीत? आणि ज्यांना आजार झाला त्यांच्या घरी पट्ट्या आणि इन्सुलिन पोचायला हवं. आयुष्मान कार्ड आयसीयूचा खर्च उचलतं, पण तिथवर पोचू नये म्हणून रोज घरी लागणारी पट्टी त्यात बसत नाही. मैत्रीण बरोबर बोलत होती.

आपल्याला मुलांचं रक्त मोठ्या प्रमाणावर तपासता येत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची राष्ट्रीय मोहीम 2023 मध्ये आपल्या मध्य प्रदेशातूनच, शहडोलहून सुरू झाली. इंदूरपासून जवळच्या झाबुआ-अलीराजपूरच्या पाड्यांवर मुलांचं रक्त घेतात, कार्ड देतात, समजावून सांगतात. मधुमेही मुलांच्या भावंडांपुरतं तरी असंच का करू नये? भावंडांना धोका इतरांच्या दसपट-पंधरापट, शंभरात पाचच्या आसपास. ती संख्या आवाक्यातली आहे. अट एकच, चारही अँटिबॉडी बघायच्या आणि अहवाल हातात देणारा माणूस पुढेही फोन उचलणारा असला पाहिजे.

काकांना मी हेच सांगितलं. टळत नाही हे खरं, पण आपली पोर आयसीयूत गेली ती आजारामुळे जितकी, तितकीच उशिरामुळे. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण कोणाला सांगायचं नाही. उद्या लग्नाच्या वेळी...” चार वर्षांच्या मुलाच्या लग्नाची काळजी! पण ती खोटी नाही, आणि पोरीच्या बाबतीत तर ती दादाच्या घरात आत्ताच येऊन बसली आहे.

शेवटी वहिनीनेच ठरवलं. धाकट्याची तपासणी झाली. एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, गॅड. ती खरंच टिकते का हे बघायला काही महिन्यांनी दुसरा नमुना द्यायचा आहे. तोवर आईच्या मशीनसाठी जास्तीच्या पट्ट्या आणल्यात आणि खूप पाणी प्यायला लागला किंवा उलट्या झाल्या तर कोणाला फोन करायचा तो नंबर फ्रिजवर चिकटवलाय. होळीच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. पुरण शिजत होतं. तिने विचारलं, याला पोळी देऊ ना? मी म्हटलं, दे, वर तूप घालून दे, एका अँटिबॉडीने ताटात काहीच बदलत नाही.