घ्या, पुन्हा फेअर ट्रेड!

कापूस वेचणीला आला की पुतण्याच्या एमबीए कॉलेजचे माजी विद्यार्थी आमच्या तालुक्यातल्या लॉनवर जमतात. विषय ठरलेला, फेअर ट्रेड, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणारा व्यापार. मी 'अस्सल शेतकरी' म्हणून पुढच्या सोफ्यावर. त्यात किमान भाव, वर प्रीमियम म्हणजे जादा रक्कम, ती शेतकऱ्यांच्या गटाने ठरवून खर्चायची. कल्पना चांगलीच आहे हो. पण अर्धा वेळ व्हिजिटिंग कार्डं वाटण्यातच! २०२५-२६चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, पण ओलावा १२ टक्क्यांवर निघाला की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत, मग गावात येऊन माल घेणारा खेडा खरेदीवाला म्हणेल तो भाव. हे सांगायला माइक धरला, तर "काका, दोन मिनिटांत हं!"

निघताना सत्कार. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली सुकी बोंडं, वर रिबन. तीनशे रुपयांचा गुच्छ म्हणे! माह्या धुऱ्यावर ये ना बाप्पा, फुकट नेजो.