आर-१८चं दार आणि अर्ध्यावर न येणारं बिल

थंडी जवळ आली की आमच्या मिनिआपोलिसच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. "गॅरेजला आर-१८चं इन्सुलेटेड दार बसवा. आर दुप्पट, ऊब दुप्पट. गॅरेज गरम राहील, हीटिंगचं बिल अर्ध्यावर येईल. नवं दार परवडत नसेल तर जुन्यालाच फोम चिकटवा, काम तेच." ('आर' म्हणजे उष्णता अडवण्याच्या ताकदीचा आकडा; जितका मोठा तितकी उष्णता कमी निसटते.) प्रत्येक वाक्यात चिमूटभर तथ्य आहे, म्हणून तर तो खपतो.

आधी 'आर दुप्पट, ऊब दुप्पट' घेऊ. दोन गाड्यांचं दार १६ बाय ७ फूट, म्हणजे ११२ चौरस फूट. बाहेर शून्य फॅरनहाइट आहे आणि आत ४० राखायचंय असं धरा. एकेरी पत्र्याच्या दारातून (त्याचा आर जेमतेम १) साधारण १,३०० वॉट उष्णता सतत बाहेर जाते. आर-९ला हा आकडा १४६ वर येतो आणि आर-१८ला ७३ वर. म्हणजे पहिल्या उडीत साडेअकराशे वॉट वाचले. दुसऱ्या उडीत, जिच्यासाठी विक्रेता जास्तीचे डॉलर मागतो, ७३. जुन्या पिवळ्या बल्बाएवढे!

शिवाय तो १८ बहुतेक वेळा पॅनेलच्या मधोमध मोजलेला असतो. पॅनेलचे सांधे, कडेचा पत्रा, खालचं रबर यांचा त्यात हिशोबच नाही. बसवलेल्या अख्ख्या दारातून किती उष्णता जाते हे मोजायची 'डास्मा १०५' नावाची चाचणी आहे. तिचा यू-फॅक्टर मागा. तो जितका कमी तितकं दार चांगलं. विक्रेता गडबडला तर समजून जा.

बिल अर्धं? मुळात गॅरेजमध्ये हीटर नसेल तर दार कसली ऊब राखणार? तिथे जी काही ऊब असते ती घराच्या सामाईक भिंतीतून झिरपलेली, जमिनीतून आलेली, नाहीतर नुकत्याच आत आलेल्या गाडीच्या इंजिनाची. ती भिंत नीट इन्सुलेट केलेली असेल तर बिलात किरकोळ फरक पडेल. गॅरेजच्या वर बेडरूम असेल आणि तिथली फरशी पायाला बर्फासारखी लागत असेल, तर दाराआधी गॅरेजच्या छतात इन्सुलेशन घाला. गॅरेज घरापासून सुटं असेल आणि तिथे हीटरही नसेल, तर हे पैसे सरळ वाचवा.

'गॅरेज गरम राहील' याची परीक्षा मी गेल्या जानेवारीत उदबत्तीने घेतली. (गाडी आणि पेट्रोलचा कॅन आधी बाहेर काढून. हे विसरू नका.) पॅनेलसमोर धूर सरळ वर गेला. डाव्या कोपऱ्यात, जमिनीलगत, तो आडवा होऊन आत पळाला. तिथे काँक्रीट बोटभर खचलंय आणि खालची व्हिनाइलची पट्टी थंडीने लाकडासारखी कडक झालेली. अशा फटीपुढे आर-१८ काय करणार? पट्टी बदलून ईपीडीएम रबराची लावली, ते कडाक्यातही मऊ राहतं. बाजूच्या आणि वरच्या चौकटीवरच्या पट्ट्याही नव्या केल्या. दाराच्या मानाने हा खर्च किरकोळ.

राहिला फोम चिकटवण्याचा सल्ला. मला सगळ्यात खटकतो तो हाच. दाराचं वजन ते उघडणारी मोटर नाही, स्प्रिंग पेलते, आणि ती मूळ वजनाला बेतलेली असते. फोम लावल्यावर मोटरच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा (दार पूर्ण बंद असताना) आणि दार हाताने अर्ध्यावर न्या. तिथेच थांबून राहिलं तर ठीक. खाली बसायला लागलं तर रोज मोटर फरफटतेय. मग माणूस बोलवा. स्प्रिंग स्वतः पिळायला जाऊ नका, तिच्यात हात मोडण्याएवढा ताण असतो.

मला विचाराल तर मी आर-९ ते १२च्या आसपासचं, दोन पत्र्यांमध्ये पॉलीयुरेथेन भरलेलं दार घेईन. तेवढ्याच जाडीच्या पॉलीस्टायरीनपेक्षा त्याचा आर जास्त, आणि फोम दोन्ही पत्र्यांना धरून बसत असल्याने पॅनेल खडखडत नाही. खिडक्यांचा हट्ट असेल तर काच दुहेरी घ्या. एकेरी घेतलीत, तर तेवढ्या चौकटीपुरतं पुन्हा जुनं पत्र्याचंच दार.