प्रयोगशाळेतील अल्पवयीन मुले: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

मराठवाड्यातील शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: विद्यापीठांच्या प्रयोगशाळा शाळकरी मुलांना खुल्या करा आणि त्यांच्यासाठी वेगळ्या नियमांचा बाऊ करू नका, तिथे पीएचडी झालेली माणसे असतात, म्हणून ती जागा शाळेपेक्षा सुरक्षित असते, गॉगल आणि हातमोजे दिले, पालकांचे संमतीपत्र घेतले, की जबाबदारी संपली, शेतात फवारणी करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेतली बाटली जड नाही, आजवर कोठे काही झालेले नाही, आणि नियम आले तर खेड्यातल्या मुलांसाठी हे दार बंद होईल. लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. भूम, पाटोदा किंवा औंढ्याच्या शाळेतील मुलीने नांदेडचे, परभणीचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ आतून पाहावे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा, याला कोणाचाच विरोध असू नये. पण या तळमळीच्या आधाराने जे दावे केले आहेत, त्यांतील शेवटच्यात थोडे तथ्य आहे आणि बाकीच्यांत तेवढेही नाही.

विद्यापीठाची प्रयोगशाळा शाळेपेक्षा सुरक्षित, या दाव्यात मुळातच उलटा हिशेब आहे. शाळेत रसायनांची यादी ठरलेली असते, प्रयोग क्रमिक पुस्तकात छापलेले असतात आणि त्यांचे उत्तर आधीच माहीत असते. संशोधनाची प्रयोगशाळा जे अजून कोणाला माहीत नाही ते शोधण्यासाठी असते, त्यामुळे तिथले धोकेही पुष्कळदा नवे आणि एखाद-दुसऱ्या माणसालाच ठाऊक असलेले असतात. एका ओट्यावर सेंद्रिय द्रावक उकळत असते, शेजारी जिवाणूंचे संवर्धन चालू असते, कोपऱ्यात हायड्रोजनचा सिलिंडर उभा असतो, आणि लेबल उडालेल्या बाटलीत काय आहे हे प्रबंध देऊन निघून गेलेल्या विद्यार्थ्याला फोन करून विचारावे लागते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी झालेल्या स्फोटात एका तरुण संशोधकाचा मृत्यू झाला आणि तिघे जखमी झाले. तिथे जाणकारांची वानवा होती असे म्हणता येणार नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी टर्शरी-ब्युटिल लिथियम हे हवा लागताच पेटणारे रसायन सिरिंजने काढताना २३ वर्षांची संशोधन सहायक भाजली आणि १८ दिवसांनी दगावली. तिच्या अंगावर ॲप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे वापराविना पडून असलेले, कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेले उपकरण तर २०१० साली भंगारात विकले गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि किरणोत्सर्गाने एकाचा जीव गेला. आपल्याच कपाटात काय आहे याचा विद्यापीठाला विसर पडू शकतो, हे यावरून दिसते. पीएचडी ही विषयातल्या प्रावीण्याची पावती आहे. सातवीच्या चाळीस मुलांचा घोळका ओट्यांमधून सांभाळून नेण्याचे कौशल्य त्या पदवीबरोबर येत नाही, आणि ते प्राध्यापकांनाही ठाऊक असते.

आता गॉगल आणि हातमोज्यांकडे येतो. या दाव्याला अधिक वेळ द्यावा लागेल, कारण वरवर पाहता तोच सर्वांत पटण्याजोगा वाटतो. विभागातल्या कपाटात असलेले गॉगल प्रौढांच्या मापाचे असतात. दहा वर्षांच्या मुलाच्या कानशिलाजवळ त्यांत फट राहते, आणि सैल हातमोज्यात धरलेली परीक्षानळी नुसत्या हातात धरलेल्या नळीपेक्षा लवकर निसटते. ओट्याची उंची साधारण ९० सेंटिमीटर असते; जो शिंतोडा प्रौढाच्या छातीवर, म्हणजे ॲप्रनवर पडतो, तोच उंचीने लहान असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर येतो. फ्यूम हूडची, म्हणजे विषारी वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या पेटीची, काचही उभ्या प्रौढाचा चेहरा झाकला जावा अशा बेताने अर्धी वर ठेवलेली असते. बुटक्या मुलाचा चेहरा नेमका खालच्या उघड्या भागासमोर येतो. शिवाय वजनाच्या मानाने लहान मूल प्रौढापेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेते, म्हणून त्याच खोलीतली तीच वाफ त्याच्या शरीरात अधिक प्रमाणात जाते. हातमोजे कोणते हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९९६ साली डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अत्यंत विषारी संयुगाचे काही थेंब एका ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाच्या लॅटेक्स हातमोज्यावर पडले, ते मोज्यातून आरपार गेले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. हातमोजा घातला होता, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. मराठवाड्यात बसून लिहिलेल्या मजकुरातून तीच सुटावी, याचे मला आश्चर्य वाटते. डोळ्यात आम्ल किंवा अल्कली उडाल्यास तो वाहत्या पाण्याखाली सलग १५ मिनिटे धुवावा लागतो. आय-वॉशसाठी, म्हणजे डोळे धुण्याच्या खास नळासाठी, अमेरिकेतील प्रचलित मानकाने मिनिटाला किमान दीड लिटर पाणी सांगितले आहे, म्हणजे एका प्रसंगाला साडेबावीस लिटर. आपल्याकडे कार्यालयांत येणारा २० लिटरचा जार तेवढ्यालाही पुरत नाही. अंगावर रसायन सांडल्यास वापरायच्या सेफ्टी शॉवरचा हिशेब मिनिटाला ७५ लिटरच्या वर जातो, म्हणजे पंधरा मिनिटांत गच्चीवरची हजार लिटरची टाकी संपते. ज्या भागातील लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळ सोडला की पाणी येतेच असे गृहीत धरता येत नाही. आणि मुलांची शिबिरे नेमकी कधी भरतात? परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, टाक्या कोरड्या असताना.

उन्हाचेही तसेच. डायएथिल ईथर हे ज्वालाग्राही द्रावक ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत बुचाखालची ही बाटली उकळबिंदूच्या पलीकडे गेलेली असते. संहत अमोनियाच्या बाटलीतही उष्णतेने दाब साठतो, आणि बूच काढताच आतला द्राव व वाफ तोंडावर उसळू शकतात. म्हणून अनुभवी प्रयोगशाळा सहायक ती बाटली आधी गार करून मगच उघडतो. वीज गेली की फ्यूम हूडचा पंखा थांबतो, आणि वाफ ओढून बाहेर टाकणारी ती पेटी नुसते काचेचे कपाट होऊन बसते. अशा दुपारी अंगातला सुती ॲप्रन काढून ठेवावासा मोठ्यांनाही वाटतो. ही सगळी सावधगिरी मोठ्यांनी बाळगायची आहे. मुलाच्या हातात गॉगल देऊन ती त्याच्यावर ढकलता येत नाही.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात. ‘कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही’ या ओळीखाली पालकांची सही घेण्याची आपल्याकडे रीत आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालयाच्या १९०३ सालच्या निर्णयापासून तिने केलेला करार मुळातच रद्दबातल मानला जातो. म्हणजे मुलाकडून लिहून घेण्यात अर्थ नाही. पालकांनी सही केली तरी काळजी घेण्याचे संस्थेचे कर्तव्य पुसले जात नाही. १९९५ साली उत्तर भारतातील एका शाळेच्या सहलीत १४ विद्यार्थी बियास नदीत बुडाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरून पालकांना भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. संमतीपत्र जरूर घ्यावे, पण त्यात मूल कोणत्या खोलीत जाणार, काय हाताळणार, त्याला दमा किंवा कशाची ॲलर्जी आहे का आणि दिवसभर कोणता फोन लागेल, हे लिहिलेले असावे. हात झटकण्यापुरती सही घेणाऱ्याला मुलाच्या दम्याची माहितीसुद्धा मिळत नाही.

फवारणीचा दाखला मात्र वाचून वाईट वाटले. मुलगा शेतात विष हाताळतो म्हणून त्याला प्रयोगशाळेतही हाताळू द्यावे, हा युक्तिवाद एका चुकीला दुसऱ्या चुकीचा पाया करतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेतातले काम त्यांना काही नवे नव्हते. सवय आणि सुरक्षितता यांचा असा थेट संबंध नसतो. कायद्यानेही वयाचा भेद ओळखला आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील बालकांना कामावर ठेवण्यास, थोडे अपवाद सोडता, बंदी आहे, आणि १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोकादायक व्यवसायांत व प्रक्रियांत ठेवता येत नाही. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, २००४ नुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती किरणोत्सर्गाच्या कामावर घेता येत नाही आणि १६ वर्षांखालील मुलाला त्या कामाचा प्रशिक्षणार्थीही होता येत नाही. सुटीत प्रयोगशाळेच्या परिचराचा मुलगा काचसामान धुवायला येतो आणि त्याला पैसे दिले जात नाहीत, म्हणून ते काम ठरत नाही, असे कोणी म्हणेल. पण भांड्यांना चिकटलेले क्रोमिक आम्ल पगारपत्रक पाहून भाजत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. बारावी होऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेली काही मुले-मुली १८ वर्षांची झालेली नसतात, म्हणजे अल्पवयीन पाहुण्यांचा हा प्रश्न नियमित वर्गातही बसलेला आहे. आणि सोळा-सतरा वर्षांचा, गावातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेला मुलगा ‘सर, डोळे चुरचुरतात’ असे म्हणत नाही. मिळालेली संधी जाईल, आपण कच्चे ठरू, या भीतीने तो गप्प राहतो आणि ‘जमेल ना?’ या प्रश्नाला हो म्हणतो. त्याला समज नसते असे नाही; नकार देण्याइतके त्याचे स्थान तिथे नसते. म्हणूनच महिनाभराच्या प्रकल्पासाठी आलेल्या अल्पवयीन मुलाजवळ त्याचा मार्गदर्शक त्याच खोलीत असला पाहिजे. ‘सर आवारातच आहेत’ हे पुरेसे नाही. रात्री उशिरापर्यंत किंवा सुटीच्या दिवशी बंद दाराआड एका प्रौढाबरोबर मूल एकटे राहू नये, ही काळजी केवळ रसायनांपुरती नाही. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे, आणि गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा त्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे.

‘आजवर काही झाले नाही’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘आजवर काही लिहून ठेवले नाही’ असा असतो. सांडलेले आम्ल फडक्याने पुसले गेले, फुटलेली नळी कचऱ्यात गेली आणि मुलाच्या बोटाला पट्टी बांधली गेली, की प्रसंग संपतो. प्रयोगाच्या नोंदवहीत त्याची ओळ येत नाही. अमेरिकेत २०१४ च्या सप्टेंबर महिन्यात दोन आठवड्यांच्या आत मात्र नोंद झालेले दोन अपघात घडले. रीनो शहरातील एका विज्ञान संग्रहालयात आणि डेनव्हरच्या एका शाळेत, ज्वाळेजवळ मोठ्या बाटलीतून मिथेनॉल ओतले जात असताना आगीचा लोळ प्रेक्षकांपर्यंत गेला आणि मुले भाजली. ती मुले काहीही हाताळत नव्हती, नुसती बसून पाहत होती. मिथेनॉलची वाफ ११ अंश सेल्सिअसलाही पेटू शकते, आणि आपल्याकडे एवढी थंड दुपार जानेवारीतसुद्धा क्वचितच उगवते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आकर्षक म्हणून निवडले जाणारे रंगीत ज्वाळांचे प्रयोग याच जातीचे असतात.

राहिला दार बंद होण्याचा दावा. यात तथ्य एवढेच, की नियम वाईट केले तर परवानगीचा अर्ज टेबलांवरून फिरत राहतो, आणि सहलीची बस ठरवून बसलेले मुख्याध्यापक शेवटी मुलांना वेरूळला घेऊन जातात. पण नियम मुलांना अडवण्यासाठी करायचेच नाहीत. कोणत्या खोलीत काय दाखवायचे आणि त्या वेळी कोण हजर असेल, हे विभागाने आधी ठरवण्यासाठी ते करायचे आहेत. किरणोत्सर्गी पदार्थ, रोगकारक जिवाणू, हवेत पेटणारी रसायने आणि उच्च दाबाचे सिलिंडर असलेल्या खोल्या भेटीतून वगळल्या, तरी उरते ते कमी नाही. मीठ, भांड्यांचा साबण आणि थंड स्पिरिट यांनी केळ्यातून डीएनएचे धागे वेगळे काढता येतात, फक्त स्पिरिटजवळ ज्योत नको. सूक्ष्मदर्शक आणि वर्णपटदर्शक आहेत, परभणीच्या कृषी विद्यापीठात मातीची तपासणी आहे. ज्वाळेचे रंग दाखवायचेच असतील, तर क्षारांच्या द्रावणात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरवर धरून ते दिसतात, मिथेनॉलची गरज नाही. चाळीस मुलांचे चार गट केले आणि प्रत्येकाबरोबर विभागातला एक आणि शाळेतला एक प्रौढ दिला, तर यातले सगळे एका सकाळी होते. चार शिक्षक पाठवणे शाळेला जमत नसेल, तर मुले दोन दिवसांत विभागून बोलवावीत. मुलांच्या मापाचे डझनभर गॉगल ही एकदाची खरेदी आहे. भेटीच्या आदल्या संध्याकाळी आय-वॉशचा नळ पंधरा मिनिटे सोडून, खाली बादली लावून पाहायला तर खर्चही येत नाही. आणि पाणी मध्येच थांबले, तर रसायनांचा भाग त्या दिवसापुरता गाळून बाकीची भेट ठरल्याप्रमाणे करता येते.